खाल्लेले अंगी लागते, ते नेमके कुठे?

एखाद्याने कितीही खाल्ले तरी तो काटकुळाच राहतो आणि एखाद्याला ‘पाणी प्यायले तरी अंगी लागते’, असे आपण सहज बोलून जातो. या बोलण्यात शरीरशास्त्रातला एक मोठा प्रश्न दडलेला आहे. अन्न अंगी लागते म्हणजे नेमके कुठे लागते? स्नायूंना, हाडांना की पोटावरच्या चरबीला? हे वाटप ठरवणारी जी काही संप्रेरके शरीरात आहेत, त्यांत ग्रोथ हार्मोन म्हणजेच वाढीच्या संप्रेरकाचा वाटा मोठा आहे.

नावामुळे या संप्रेरकाचे काम फक्त उंची वाढवण्याचे असावे असा समज होतो. प्रत्यक्षात ते शरीराच्या कोठाराची व्यवस्था पाहते. आलेल्या शिधासामग्रीतले किती बांधकामाला द्यायचे, किती साठवायचे आणि अडचणीच्या वेळी साठ्यातले किती काढायचे, हे ठरवण्यात त्याचा हात असतो. ही गोष्ट शास्त्रज्ञांना समजली ती माणसांच्या नव्हे, तर प्राण्यांच्या अभ्यासातून. उंदीर, कुत्रे, डुकरे, गाई आणि मासे यांच्यावरील शंभर वर्षांच्या संशोधनातून जे हाती आले, ते आज दोन रोजच्या प्रश्नांना भिडते. बाजारातली ब्रॉयलर कोंबडी खरोखर ‘हार्मोनची’ असते का? आणि व्यायामशाळेत कुणी सुचवलेले ग्रोथ हार्मोनचे इंजेक्शन घ्यावे का?

मटाराएवढी ग्रंथी

मेंदूच्या तळाशी मटाराएवढी पियूषिका ग्रंथी असते. डॉक्टर तिला पिट्युइटरी म्हणतात. १९२१ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियात हर्बर्ट इव्हान्स आणि जोसेफ लाँग यांनी गाईगुरांच्या या ग्रंथीचा अर्क काढून तो उंदरांना रोज टोचला. ते उंदीर नेहमीपेक्षा कितीतरी मोठे झाले. या ग्रंथीत वाढीला चालना देणारा एखादा पदार्थ आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. पुढे १९४०च्या दशकात चो हाओ ली आणि इव्हान्स यांनी तो पदार्थ शुद्ध स्वरूपात वेगळा काढला. ते एक प्रथिन होते.

मात्र स्नायू आणि चरबीच्या दृष्टीने अधिक बोलका प्रयोग १९३४ चा आहे. ली आणि शॅफर या संशोधकांनी उंदरांच्या जोड्या केल्या आणि जोडीतल्या दोघांना सारखेच खाद्य दिले. एकाला पियूषिकेचा अर्क टोचला, दुसऱ्याला नाही. अर्क मिळालेल्या उंदरांचे वजन जास्त वाढले. पण खरी गंमत शरीराच्या घडणीत होती. त्यांच्या अंगात प्रथिने आणि पाणी जास्त, तर चरबी कमी आढळली. खाद्य तेवढेच, पण त्यातून बांधलेले शरीर वेगळे. अन्न किती खाल्ले यापेक्षा ते कुणाच्या वाट्याला गेले हे महत्त्वाचे ठरले.

वाटप कसे होते?

पियूषिकेतून हे संप्रेरक सतत पाझरत नाही. ते लाटांसारखे, थांबून थांबून सुटते. मेंदूतला एक संदेश ते सोडायला सांगतो, तर दुसरा ते रोखतो. माणसात त्याची एक मोठी लाट झोप लागल्यावर पहिल्या काही तासांतल्या गाढ झोपेत येते. व्यायाम आणि उपवास यांनीही ते वाढते. लठ्ठपणात ते कमी सुटते.

रक्तात उतरल्यावर त्याचे काम दोन वाटांनी होते. पहिली वाट यकृताची. ग्रोथ हार्मोनच्या सांगण्यावरून यकृत ‘आयजीएफ-१’ नावाचे दुसरे संप्रेरक तयार करते. रचनेने ते इन्सुलिनच्या भावकीतले. हाडांच्या टोकांची कूर्चा वाढवणे आणि स्नायूंमध्ये प्रथिने बांधणे ही कामे बरीचशी त्याच्यामार्फत होतात. काही प्रमाणात ते स्नायूंमध्ये आणि हाडांमध्येही जागच्या जागी तयार होते. स्नायूंच्या पेशी रक्तातली अमिनो आम्ले अधिक प्रमाणात आत घेतात आणि त्यांपासून प्रथिनांचे धागे विणतात. स्नायूतंतूंची संख्या सस्तन प्राण्यांत बहुतांशी जन्मापूर्वीच ठरलेली असते. त्यामुळे ग्रोथ हार्मोन नवे तंतू फारसे घडवत नाही, असलेले तंतू जाड आणि लांब करते.

दुसरी वाट थेट चरबीच्या पेशींकडे जाते. जेवणानंतर इन्सुलिन या पेशींना सांगते, ‘साखर आत घ्या आणि तिची चरबी करून ठेवा.’ ग्रोथ हार्मोन या आदेशाची धार बोथट करते. चरबी बनवणारी विकरे मंदावतात आणि पेशींत साठा कमी होतो. उपाशीपोटी तर ते एक पाऊल पुढे जाते. साठवलेली चरबी फोडून ती इंधन म्हणून रक्तात सोडायला लावते.

उपासमारीच्या काळात या व्यवस्थेचा अर्थ नीट कळतो. अन्न मिळेनासे झाले की ग्रोथ हार्मोन वाढते, चरबी जाळली जाते, साखर मेंदूसाठी राखली जाते आणि स्नायू शक्य तितके वाचवले जातात. पण त्याच वेळी यकृत आयजीएफ-१ तयार करणे कमी करते. म्हणजे संप्रेरक भरपूर असूनही वाढ होत नाही. विटाच नसतील तर गवंडी कितीही आणले तरी भिंत उभी राहत नाही, तसेच हे. डुकरांवरील प्रयोगांतही हेच दिसले. संप्रेरक टोचलेल्या डुकरांच्या खाद्यात प्रथिने आणि विशेषतः लायसिन हे अमिनो आम्ल पुरेसे नसेल, तर स्नायू वाढण्याचा फायदा मिळत नाही.

डुकरांच्या पाठीवरची चरबी

जनुकीय तंत्रज्ञानामुळे १९८०च्या दशकात हे संप्रेरक जिवाणूंकडून हवे तेवढे बनवून घेता येऊ लागले. त्याआधी कत्तलखान्यातून ग्रंथी गोळा कराव्या लागत. आता शेतीच्या जनावरांवर मोठे प्रयोग शक्य झाले आणि सर्वांत ठळक परिणाम डुकरांमध्ये दिसला. डुकराचे शरीर चरबी साठवण्यात तरबेज असते आणि ती बहुतेक चरबीच्या पेशींतच तयार होते. अमेरिकेत टेरी एथर्टन, डेल बाऊमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांत असे आढळले की रोज संप्रेरक टोचलेली डुकरे कमी खातात, तरीही लवकर वाढतात. त्यांच्या अंगावर स्नायू जास्त चढतो आणि काही प्रयोगांत चरबी साठण्याचा वेग निम्म्याहूनही खाली येतो. यात अडचण मात्र रोजच्या इंजेक्शनची होती. ऑस्ट्रेलियात १९९०च्या दशकात या संप्रेरकाला मान्यता मिळाली, अमेरिकेत ते डुकरांसाठी बाजारात आले नाही.

रोजची सुई टाळण्यासाठी शास्त्रज्ञांनी दुसरा मार्ग शोधला. संप्रेरकाचे जनुकच प्राण्यात घालायचे. १९८२ मध्ये रिचर्ड पामिटर आणि राल्फ ब्रिन्स्टर यांच्या गटाने मोठ्या उंदराच्या जातीचे ग्रोथ हार्मोनचे जनुक लहान जातीच्या उंदरांच्या फलित अंड्यांत सोडले. जन्मलेल्या २१ पिल्लांपैकी ७ पिल्लांत ते जनुक उतरले आणि त्यांतली ६ आपल्या भावंडांपेक्षा स्पष्टपणे मोठी झाली. या महाकाय उंदराचे छायाचित्र जगभर गाजले.

हेच डुकरांत करून पाहिले गेले ते अमेरिकी कृषी खात्याच्या मेरीलँडमधील बेल्ट्सव्हिल केंद्रात. व्हर्नन पर्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या किंवा गाईच्या ग्रोथ हार्मोनचे जनुक असलेली डुकरे तयार केली. अपेक्षेप्रमाणे त्यांच्या पाठीवरची चरबी सख्ख्या भावंडांच्या निम्म्याहून कमी झाली आणि खाद्याचा उपयोगही चांगला होऊ लागला. कागदावर प्रयोग यशस्वी होता. गोठ्यात मात्र वेगळे चित्र होते. या डुकरांना संधिवात झाला, जठरात व्रण पडले, हृदय मोठे झाले, मूत्रपिंडे आणि कातडी यांचे विकार जडले. ती सुस्त पडून राहत. अनेक माद्या माजावर येत नसत. ६७०७ क्रमांकाचे डुक्कर सांधे धरल्यामुळे नीट उभेही राहू शकत नव्हते. या जातीचे मांस बाजारात नेण्याचा विचार तिथेच थांबला.

दोन्ही प्रयोगांतला फरक लक्षात घेण्याजोगा आहे. इंजेक्शन ठरावीक वयात, ठरावीक मात्रेत आणि काही आठवडेच दिले होते. जनुकामुळे मात्र संप्रेरक आयुष्यभर, दिवसरात्र, लाटांऐवजी अखंड धारेसारखे वाहत राहिले. शरीराला थांबायची संधीच मिळाली नाही.

साखरेचा हिशोब

ग्रोथ हार्मोन चरबीच्या पेशींत इन्सुलिनला अडवते, हे आपण पाहिले. पण इन्सुलिन फक्त चरबी साठवत नाही, ते रक्तातली साखरही ताब्यात ठेवते. अर्जेंटिनाचे शास्त्रज्ञ बर्नार्डो हुसे यांनी स्वादुपिंड काढून टाकलेल्या कुत्र्यांची पियूषिकाही काढली, तेव्हा त्यांचा मधुमेह सौम्य झाला. म्हणजे पियूषिकेतले काहीतरी साखर वाढवत होते. साखरेच्या चयापचयातील पियूषिकेच्या या भूमिकेसाठी त्यांना १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९३७ मध्ये ब्रिटनचे फ्रँक यंग यांनी उलट बाजू दाखवली. पियूषिकेचा अर्क रोज टोचल्यावर धडधाकट कुत्र्यांना कायमचा मधुमेह जडला.

म्हणून चरबी कमी झाली म्हणजे मधुमेहाचा धोका कमी झाला, हे गणित इथे चालत नाही. उंदरांनी तर ते पार उलटे करून दाखवले. ग्रोथ हार्मोन जास्त असलेले उंदीर मोठे आणि प्रौढपणी सडपातळ असतात, पण त्यांचे इन्सुलिन नीट काम करत नाही, मूत्रपिंडे लवकर बिघडतात आणि त्यांचे आयुष्य नेहमीच्या उंदरांच्या जवळपास निम्मेच असते. याउलट ज्या उंदरांच्या पेशींना ग्रोथ हार्मोनचा संदेश ऐकूच येत नाही, असे उंदीर जॉन कॉपचिक यांच्या प्रयोगशाळेत तयार करण्यात आले. ते बुटके आणि गुबगुबीत असतात. तरीही त्यांचे इन्सुलिन उत्तम चालते आणि ते जास्त जगतात. त्यांतला एक उंदीर पाच वर्षांना जेमतेम आठवडा कमी असेपर्यंत जगला. प्रयोगशाळेतला उंदीर साधारण दोन-तीन वर्षे जगतो.

माणसातही असा एक निसर्गाचा प्रयोग आहे. इक्वेडोरमध्ये लॅरॉन सिंड्रोम असलेली सुमारे शंभर माणसे आहेत. त्यांच्या पेशीही ग्रोथ हार्मोनला दाद देत नाहीत. त्यांची उंची खूप कमी असते, अंगावर चरबी जास्त असते, पण मधुमेह आणि कर्करोग त्यांच्यात अत्यंत विरळ आढळले. चरबी किती आहे याइतकेच ती कोणत्या संप्रेरकांच्या राज्यात आहे, हेही महत्त्वाचे असते.

गाय, मासा आणि कोंबडी

एकच संप्रेरक प्रत्येक प्राण्यात वेगळे वागते. दुभत्या गाईत ते अन्नाचा ओघ स्नायूंऐवजी कासेकडे वळवते. दूध १० ते १५ टक्क्यांनी वाढते आणि सुरुवातीला त्यासाठी गाईच्या अंगावरची चरबी खर्ची पडते. अमेरिकेने १९९३ मध्ये गाईंसाठी या संप्रेरकाला मान्यता दिली. कॅनडाने १९९९ मध्ये ती नाकारली. तेथील पशुवैद्यकांच्या समितीला अशा गाईंमध्ये कासदाहाचा धोका सुमारे २५ टक्के जास्त आढळला, लंगडण्याचे प्रमाणही वाढलेले दिसले. युरोपीय संघानेही जनावरांच्या आरोग्याच्या कारणावरून त्यावर बंदी घातली. गाईचे हे संप्रेरक माणसाच्या शरीरात काम करत नाही आणि पोटात गेले तर इतर प्रथिनांसारखे पचून जाते. त्यामुळे त्याची मोठी किंमत गाईनेच मोजली असे म्हणावे लागेल.

मासे या संप्रेरकाला जोरदार प्रतिसाद देतात. अटलांटिक सामन माशात चिनूक सामनचे ग्रोथ हार्मोनचे जनुक घातल्यावर तो सुमारे तीन वर्षांऐवजी दीड वर्षाच्या आसपास विक्रीयोग्य झाला. अमेरिकेने २०१५ मध्ये तो खाण्यास योग्य ठरवला. पण व्यवसाय तग धरू शकला नाही आणि २०२४ च्या अखेरीस कंपनीने उत्पादन थांबवले.

आता आपल्याकडच्या कोंबडीचा प्रश्न. पाच-सहा आठवड्यांत दोन किलोंची होणारी ब्रॉयलर ‘इंजेक्शनवर फुगवलेली’ असते, असे चिकनच्या दुकानापासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळीकडे ऐकू येते. शास्त्राच्या कसोटीवर हे टिकत नाही. ग्रोथ हार्मोन प्रथिन असल्याने ते खाद्यातून दिले तर पचून जाते. परिणामासाठी ते वारंवार टोचावे लागेल आणि हजारो पक्ष्यांच्या शेडमध्ये ते ना शक्य आहे ना परवडणारे. शिवाय कोंबड्यांना ते टोचून पाहिलेल्या प्रयोगांत वाढीवर फारसा परिणाम दिसला नाही.

मग वाढ होते कशाने? कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाने याचे उत्तर थेट मोजले. त्यांनी १९५७ आणि १९७८ मधील जुने वाण आणि २००५ मधील व्यावसायिक वाण अशा तिन्ही कोंबड्या एकाच खाद्यावर वाढवल्या. ५६ दिवसांनी त्यांची सरासरी वजने अनुक्रमे ९०५ ग्रॅम, १,८०८ ग्रॅम आणि ४,२०२ ग्रॅम भरली. खाद्य तेच, वाण वेगळे. पिढ्यान् पिढ्या झपाट्याने वाढणाऱ्या पक्ष्यांचीच निवड करत गेल्याचा हा परिणाम आहे. त्याची किंमतही आहेच. या कोंबड्यांना पायांचे आणि हृदयाचे त्रास होतात.

या भीतीला इतिहास मात्र आहे. अमेरिकेत १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून कोंबड्यांच्या मानेत डीईएस या कृत्रिम स्त्री-संप्रेरकाची गोळी बसवत असत. १९५९ मध्ये त्यावर बंदी आली. ते ग्रोथ हार्मोन नव्हते, पण ‘हार्मोनची कोंबडी’ हा शब्द लोकांच्या मनात राहिला. असाच घोटाळा बेल्जियन ब्लू जातीच्या पीळदार वळूंच्या छायाचित्रांमुळेही होतो. त्यांचे स्नायू मायोस्टॅटिन या जनुकातल्या नैसर्गिक बदलामुळे वाढलेले असतात, इंजेक्शनने नव्हे.

आपल्या चिंतेची दिशा खरे तर दुसरी हवी. पोल्ट्रीत वाढीसाठी प्रतिजैविके वापरली गेली की औषधांना न जुमानणारे जंतू तयार होतात. माणसासाठी अखेरचा उपाय म्हणून राखलेल्या कोलिस्टिनचा खाद्य-प्राण्यांतील वापर भारत सरकारने २०१९ मध्ये बंद केला, तो याच कारणाने.

व्यायामशाळेतली सुई

डुकरांची कमी झालेली चरबी पाहून माणसाला मोह होणे साहजिक होते. १९९० मध्ये डॅनियल रुडमन यांनी साठीपुढच्या बारा पुरुषांना सहा महिने ग्रोथ हार्मोन दिले. त्यांची चरबी १४.४ टक्क्यांनी घटली आणि चरबीविरहित वजन ८.८ टक्क्यांनी वाढले. या छोट्या अभ्यासावर ‘तारुण्याचे इंजेक्शन’ विकणारा मोठा धंदा उभा राहिला.

पुढच्या अभ्यासांनी मर्यादा दाखवल्या. निरोगी ज्येष्ठांवरील चाचण्यांचा एकत्रित आढावा २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चरबी सुमारे दोन किलो घटली आणि चरबीविरहित वजन तेवढेच वाढले. पण या वाढलेल्या वजनात पाण्याचाही वाटा असतो. स्नायूंची ताकद वाढल्याचा भरवशाचा पुरावा मिळाला नाही. अंगावर सूज, सांधेदुखी, मनगटातली नस दबून हाताला मुंग्या येणे आणि रक्तातली साखर वाढणे हे त्रास मात्र जास्त दिसले. बेल्ट्सव्हिलची डुकरे आणि यंग यांचे कुत्रे आठवले, तर ही यादी ओळखीची वाटेल.

दीर्घकाळ जादा मात्रा घेतल्यास काय होते, हे ॲक्रोमेगाली या आजारात दिसते. पियूषिकेतल्या गाठीमुळे ग्रोथ हार्मोन बेसुमार सुटते. हातपाय आणि जबडा रुंदावतो, सांधे झिजतात, हृदय मोठे होते, मधुमेह आणि रक्तदाब मागे लागतो. असे रुग्ण अनेकदा चरबीने सडपातळ असतात. त्यांना कोणी निरोगी म्हणणार नाही.

याचा अर्थ हे औषध वाईट आहे असा नाही. ज्या मुलांच्या शरीरात ग्रोथ हार्मोन तयारच होत नाही किंवा ज्या मुलींना टर्नर सिंड्रोम आहे, त्यांच्यासाठी ते वरदान आहे. अशा मुलांच्या पालकांनी भीतीपोटी उपचार थांबवू नयेत. मूल वयाच्या मानाने फारच बुटके राहत असेल, तर हाडांची वाढ थांबण्यापूर्वीच बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. हाडांच्या टोकांची कूर्चा एकदा बंद झाली की कोणत्याही इंजेक्शनने उंची वाढत नाही. ‘ग्रोथ हार्मोन वाढवणारी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळीत खरे संप्रेरक असले, तरी ते पोटात पचूनच जाईल.

निरोगी तरुणाने स्नायूंसाठी ही सुई टोचून घेणे म्हणजे कोठाराच्या व्यवस्थेत बाहेरून ढवळाढवळ करणे आहे. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या कुपीत नेमके काय आणि किती आहे, याची खात्री नसते ती वेगळीच. खाल्लेले स्नायूंना लागावे यासाठी शरीराकडे स्वतःची सोय आहे. स्नायूंवर ताण देणारा नियमित व्यायाम, डाळी, उसळी, दूध, अंडी किंवा मासे यांतून पुरेशी प्रथिने आणि रात्रीची सलग गाढ झोप यांनी ती चालते. त्यात संप्रेरकाची लाट येते, काम करते आणि ओसरतेही. बेल्ट्सव्हिलच्या डुकरांच्या शरीरात ती ओसरलीच नाही, आणि त्यांच्या पाठीवरची चरबी कमी होऊनही त्यांना उभे राहता येईना.